मधल्या पदाची फोड आणि कापलेले गुण

चलाचा वर्ग, चल आणि स्थिरपद अशी तीन पदे असलेल्या राशीला वर्ग त्रिपदी म्हणतात, आणि ज्यांचा गुणाकार केल्यास तीच राशी परत मिळते अशा दोन द्विपदी शोधणे म्हणजे तिचे अवयव पाडणे. शालेय रीत सर्वपरिचित आहे: वर्गाचा सहगुणक आणि स्थिरपद यांच्या गुणाकाराइतका गुणाकार व मधल्या सहगुणकाइतकी बेरीज देणाऱ्या दोन संख्या शोधून मधले पद फोडायचे. ६क्ष² + ७क्ष − २० मध्ये गुणाकार −१२० आणि बेरीज ७ हवी; १५ व −८ सापडले की (३क्ष − ४)(२क्ष + ५) हे अवयव निघतात.

अशाच एका त्रिपदीसाठी प्रस्तुत लेखकाचे शाळेत कापले गेलेले गुण त्याला अद्याप सलतात. जोड्या चाचपून पाहण्याऐवजी त्याने, वरच्या उदाहरणाच्या भाषेत सांगायचे तर, ७ च्या वर्गात १२० ची चौपट मिळवली, ५२९ चे वर्गमूळ २३ काढले, आणि बेरीज ७ व फरक २३ असलेल्या संख्या १५ व −८ अशा लिहिल्या. पुढची फोड आणि उत्तर बिनचूक होते. तरीही तपासणाऱ्या शिक्षकांनी त्या ओळींवर लाल रेघ मारली, ही रीत पुस्तकात नसल्याचा शेरा दिला आणि एकही गुण दिला नाही. प्रश्नात ‘अवयव पाडा’ एवढेच म्हटले होते, रीत कोणती वापरावी हे सांगितले नव्हते. दाद मागितली असता उत्तर शेजाऱ्याचे पाहून लिहिले असावे असा संशय घेतला गेला, आणि गुणांपेक्षा तो संशय अधिक बोचरा ठरला.

वस्तुतः बेरीज व फरक यांवरून संख्या काढण्याच्या क्रियेला भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त ‘संक्रमण’ असे नाव आहे. बेरजेच्या वर्गातून गुणाकाराची चौपट वजा केली की फरकाचा वर्ग उरतो, एवढीच या रीतीची उपपत्ती; हाच फरकाचा वर्ग पुढे दहावीत विवेचक म्हणून भेटतो. क्ष² + ५क्ष + ३ मध्ये तो १३ येतो, म्हणजे पूर्ण वर्ग नसतो, त्यामुळे पूर्णांकी जोडी मिळणार नाही हे आधीच कळते. चाचपणारा विद्यार्थी मात्र नसलेली जोडी शोधत राहतो.

असे असूनही, पुढे अध्यापन करताना प्रस्तुत लेखक आरंभ चाचपणीनेच करतो, कारण संख्यांच्या जोड्या हाताखालून गेल्याशिवाय मुलांना फोडीचे मर्म उमगत नाही, आणि त्या वेळी त्या शिक्षकांच्या आग्रहात काही तथ्य होते असेही वाटून जाते. शून्य गुण देणे मात्र अन्यायच होते. दोन द्विपदींचा गुणाकार करून उत्तर पडताळायला फारसा वेळ लागत नाही. उत्तरपत्रिका तपासणाऱ्यांनी रेघ मारण्यापूर्वी तेवढे अवश्य करावे.