दप्तर घेताना



जून महिन्यात नवे दप्तर घेणे हा आपल्या घरांतला एक छोटा सणच असतो. मी २० वर्षांहून अधिक काळ लूम्सवर काम केलेला माणूस. कापड दोन बोटांत धरले की धागा कोणता, वीण किती दाट, हे बहुतेक वेळा सांगता येते. त्यामुळे दप्तर घेताना मला कोणी फसवू शकणार नाही असा माझा समज होता. तो गेल्या दिवाळीत सुरत स्टेशनच्या जिन्यावर गळून पडला.

आम्ही गावी निघालो होतो, शिंदखेड्याकडे. दिवाळीत भुसावळकडे जाणाऱ्या गाडीला काय गर्दी असते ते खान्देशी माणसाला सांगायला नको. माझी मुलगी सहावीत. तिने शाळेच्याच दप्तरात सुट्टीचा अभ्यास, कपडे आणि आजीसाठी घेतलेली घारी कोंबली होती. जिन्याच्या मध्यावर दप्तराचा उजवा पट्टा निसटला आणि दप्तर पायऱ्यांवर पडले. मी ते उचलायला वाकलो आणि तिचा हात सोडला. मागून लोंढा आला. मान वर केली तर पोरगी दिसेना.

तीन-चार मिनिटेच गेली असतील, पण ती कशी गेली ते लिहिता येत नाही. खाली एका खांबाला टेकून ती उभी होती. रडत नव्हती. म्हणाली, "बाबा, पट्टा आधीच उसवला होता. मी आतून सेफ्टी पिन लावली होती." का सांगितले नाहीस, असे विचारले तर म्हणाली, "तुम्ही परत पैसे घातले असते."

गाडीत बसल्यावर मी ते दप्तर उलटे करून पाहिले. कापड उत्तम होते. ते घेताना मी दुकानदाराला डेनियर विचारला होता, म्हणून मला चांगले आठवते. आपल्यातल्या पुष्कळ मुलांचे वडील लूम्सवर आहेत, त्यांना हा शब्द माहीत असेल. ९००० मीटर धाग्याचे वजन जितके ग्रॅम, तितका त्याचा डेनियर. साडीचा धागा ५० किंवा ७५ डेनियरचा असतो, तर दप्तराचे कापड साधारण ६०० डेनियरचे. काही दप्तरे ९०० किंवा १००० डेनियरचीही येतात. आमचे ६०० चे होते आणि त्याला कुठे ओरखडासुद्धा नव्हता. गेली होती ती शिवण. पट्ट्याचे टोक कापडाच्या काठात जेमतेम अर्धा बोट घातलेले, त्यावर एकच टीप. कापडवाल्याने कापड पाहिले आणि शिवण पाहिलीच नाही!

तेव्हा कापड पुरेसे जाड दिसले की पुढे दप्तर उलटे करून आतून पाहावे. खांद्याचा पट्टा जिथे पाठीला जोडलेला असतो तिथे सगळे वजन येते. तिथे टीप चौकोनात मारून मध्ये फुली घातलेली असावी, निदान दोनदा-तीनदा तरी टीप फिरवलेली असावी. आतल्या शिवणींवर पट्टी लावलेली असली तर कापडाचे धागे सुटत नाहीत. चेन दहा वेळा उघडून मिटावी, विशेषतः कोपऱ्यावर, कारण ती अडते तिथेच. चेन उघडी पडू लागली तर पुष्कळदा दात चांगले असतात, रनर सैल झालेला असतो. तो पकडीने हलकेच दाबून घेतला की काही महिने निघतात. जड चालणाऱ्या चेनवर मेणबत्ती घासावी. आणि दप्तर रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजवू नये, आतला पाणी अडवणारा थर सुटतो. चित्र कोणते आहे ते मुलांना ठरवू द्या, त्यात आपण पडू नये.

माझ्याजवळ एक जुनी खाकी कॅनव्हासची पिशवी आहे. ७ ऑगस्ट २००६ ला तापीचे पाणी शहरात शिरले तेव्हा आम्ही नदीकाठच्या भाड्याच्या खोलीत राहत होतो. रेशनकार्ड, माझा दहावीचा दाखला आणि लग्नाचे फोटो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून त्या पिशवीत घातले आणि ती खांद्याला अडकवून वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे गेलो. पिशवी पाण्याने दगडासारखी जड झाली होती, पण एक टाका सुटला नाही. अर्थात तसली जाड पिशवी मी मुलीला देणार नाही. रिकामीच इतकी जड, मग पुस्तके कधी घालायची?

वजनाचा विषय माझ्या आईने काढला. गावी पोहोचल्यावर दप्तर उचलून ती म्हणाली, "पोरनी पाठवर इतलं ओझं कसाले रे?" मी म्हटले, आज त्यात कपडे आहेत. परतल्यावर शाळेच्या दिवशी सकाळी वाण्याच्या काट्यावर ठेवले तर ५ किलो ३०० ग्रॅम भरले. मुलीचे वजन ३१ किलो. केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक ओझे नसावे असे म्हटले आहे, आणि सहावी-सातवीसाठी २ ते ३ किलो. बालवाडीला तर दप्तरच नको. हा प्रश्न नवा नाही. लेखक आर. के. नारायण यांनी १९८९ मध्ये राज्यसभेत याच विषयावर भाषण केले होते, आणि १९९३ मध्ये यशपाल समितीनेही अहवाल दिला. पण आमच्या दप्तरातले ओझे काही दिल्लीहून आले नव्हते. दोन गाईड, तीन जाड वह्या, एक लिटरची भरलेली बाटली आणि चक्क मागच्या वर्षीचा नकाशासंग्रह! रोज वेळापत्रक पाहून भरायचे म्हणजे उपसायचे, म्हणून ती सगळेच नेत होती.

त्यावर उपाय आईनेच केला. जुन्या बायकांच्या कमरेला चंची असायची, आठवते का? पान, सुपारी, चुना, प्रत्येकाला वेगळा कप्पा, आणि गुंडाळली की मूठभर. तिने कटपीसच्या नाडीवाल्या पाच थैल्या शिवून दिल्या. हिरवीत गणित, निळीत भाषा, असे ठरले. आता रात्री लागतील त्या थैल्या आत जातात, बाकीच्या खुंटीवर राहतात. जड पुस्तके पाठीला लागून, डबा पुढे. परवा वजन केले तर ३ किलोला थोडे कमी. प्रवासातही याच थैल्या कामाला येतात. नवापूरच्या फलाटावर, जिथे अर्धे स्टेशन गुजरातमध्ये आणि अर्धे महाराष्ट्रात आहे, धाकट्याने टॉवेल मागितला तेव्हा पूर्वीसारखी सगळी बॅग सीटवर उपसावी लागली नाही.

नवे दप्तर मी चौटा बाजारातून घेतले. आधीच्यापेक्षा दीडशे रुपये जास्त पडले. जुन्याचा पट्टा मोच्याने नायलॉनच्या दोऱ्याने ४० रुपयांत असा पक्का शिवून दिला की ते आता धाकट्याकडे आहे.

विश्वस्त मंडळाला एक विनंती. प्रत्येक वर्गात एक साधी मांडणी झाली तर चित्रकलेचे सामान आणि जाड वह्या शाळेतच राहतील. आणि कचेरीच्या दाराशी एक वजनकाटा असावा. माझ्याकडे लटकवायचा स्प्रिंगचा काटा आहे, तो मी पुढच्या पालकसभेला घेऊन येतो. ज्यांना आपल्या मुलाचे दप्तर तोलून पाहायचे असेल त्यांनी त्या दिवशी ते भरलेलेच आणावे.