मन चिंती ते

कादंबरीला वेळ लागतो, हे म्हणणे अर्धेच खरे आहे. वेळ कवितेलाही लागतो. कादंबरीला लागते ती सलगता. दहा-वीस माणसे, त्यांची नाती, कोण कुणाशी केव्हा काय बोलले आणि काय बोलायचे राहिले, हा सगळा पसारा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे, डोक्यात जागता ठेवावा लागतो. प्रत्यक्ष लिहिण्याचे तास त्या मानाने थोडेच. उरलेल्या वेळात लिहिणारा नोकरी करतो, भाजी आणतो, मुलांचा अभ्यास घेतो, आणि ती माणसे मागे कुठेतरी वावरत राहतात. संसाराशी कादंबरीचा तंटा लागतो तो टेबलावर नव्हे, या मागच्या जागेत.

सोलापूरसारख्या गिरण्यांच्या शहरात तर घराचे वेळापत्रक फार काळ घराच्या हातात नव्हतेच. गिरण्या चालू होत्या तोवर ते भोंग्याने ठरे. जुनी मिल, लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी यांच्या पाळ्यांप्रमाणे चूल पेटे, डबा भरला जाई, झोप लागे किंवा मोडे. भोंगे थांबले आणि त्यांची जागा नळाने घेतली. चार-चार, पाच-पाच दिवसांनी येणारे पाणी ज्या दिवशी येते त्या दिवशी घरात दुसरे काही होत नाही. पिंप, हंडे, घागरी, टाकी भरेपर्यंत कादंबरीतल्या कुठल्याही नायिकेने मरायचे ठरवले असले तरी तिला थांबावे लागते. पूर्व भागातल्या कित्येक घरांत पुढच्या खोलीत यंत्रमाग आणि मागच्या खोलीत विड्या वळणे चालते. त्याच दोन खोल्यांत मुलांची दप्तरे, आजारी म्हातारे माणूस, आणि मराठी, तेलुगू, कन्नड अशा दोन-तीन भाषांतले बोलणे. मे महिन्याची दुपार उन्हाने जाते. उरते ती पहाट आणि रात्री दहानंतरचा वेळ.

तरीही या अडचणींचा एक गुण आहे: त्या आधी कळतात. पाणी कधी येणार, पाळी कधी सुटणार, सिद्धेश्वराच्या गड्डा जत्रेला पाहुणे कधी उतरणार, हे ठाऊक असते, म्हणून त्यांना वळसा घालता येतो. काळजीला वळसा घालता येत नाही. तिला स्वतंत्र तास लागत नाही. लिहिण्यासाठी राखून ठेवलेल्या तासातच ती येऊन बसते.

‘मन चिंती ते वैरी न चिंती’ ही म्हण मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. तिच्यातले निरीक्षण कादंबरीकाराच्या विशेष कामाचे आहे. मुलगी शिकवणीहून अर्धा तास उशिरा येते. तेवढ्यात मन रस्ता, ट्रक, दवाखाना, पोलीस, शेजाऱ्यांचे चेहरे अशी प्रसंगांमागून प्रसंगांची साखळी तपशिलांसह उभी करते. संवादही रचते. ही कथानकाचीच रचना आहे. ज्या शक्तीने कादंबरी होते त्याच शक्तीने काळजी होते, आणि एका वेळी ती दोन्ही कामे पुरी करू शकत नाही. फरक एवढाच की काळजीची गोष्ट पुढे सरकत नाही. ती त्याच वळणावर येऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. तिच्यातल्या माणसांना स्वभाव नसतो, फक्त अपघात होतात. म्हणून काळजीग्रस्त माणसाला कल्पनाशक्ती कमी पडते हा समज उलटा आहे. ती भलतीकडे खर्च झालेली असते.

(झोप उडणे, छाती धडधडणे, हात थरथरणे असे आठवडेच्या आठवडे चालले तर तो डॉक्टरांचा विषय. औषधाने किंवा समुपदेशनाने लेखनाची धार जाते ही भीती लेखकमंडळींत बरीच आहे. खरे म्हणजे न झोपलेल्या रात्रीच धार जास्त बोथट करतात.)

काळजी आणि कादंबरी यांच्या या ओढाताणीचा प्रसिद्ध नमुना प्रागचा. फ्रान्झ काफ्का कामगारांच्या अपघात-विमा संस्थेत नोकरीला होता, राहायचा आईवडिलांपाशी, आणि त्याची खोली घरातल्या वर्दळीच्या वाटेवर होती. दारांची आपटाआपट, बहिणींचे आवाज यांवर त्याने एक छोटासा मजकूर लिहून १९१२ मध्ये छापलाही. त्याच वर्षी २२ सप्टेंबरच्या रात्री तो लिहायला बसला आणि सकाळपर्यंत एका बैठकीत ‘निवाडा’ ही कथा पुरी केली. कथा एका रात्रीत बसली. पण त्याच्या तिन्ही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या. भीती हाच ज्याचा विषय, त्यालाही तिने कादंबरीचा शेवट गाठू दिला नाही, ही गोष्ट कथा आणि कादंबरी यांच्यातल्या फरकाबद्दल पुष्कळ सांगते.

मराठीत संसार आणि कादंबरी यांच्या तंट्याचे बोलके उदाहरण मालती बेडेकरांचे. त्याचा धागा सोलापूरशी जुळतो. माहेरच्या बाळूताई खरे शाळेत शिकवत असताना ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने लिहू लागल्या. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ मध्ये आले, आणि अविवाहित, शिकलेल्या मुलींच्या मनातले इतके उघड लिहिणारी ही बाई कोण, यावरून गदारोळ उठला. टोपणनाव हे त्यांच्या बाबतीत लेखकाचे लाड नव्हते. नोकरी, घर आणि लेखन या तिन्हींना एकमेकांपासून वाचवणारी ती भिंत होती. पुढच्या दोन वर्षांत ‘हिंदोळ्यावर’ आणि ‘विरलेले स्वप्न’ आली. मग शाळा सोडून त्या गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या वसाहतींच्या सरकारी कामावर गेल्या. अशा वसाहतींचे सोलापूर हे मोठे केंद्र. तारेच्या कुंपणाआतली ही वस्ती, तिथली रोजची हजेरी, बाहेर पडायला लागणारा पास, आणि तिथल्याच माणसांना मिळणारे गिरणीतले काम. शहरात ‘सेटलमेंट’ हा शब्द आजही एका भागाचे नाव म्हणून उरला आहे.

१९३८ मध्ये त्यांचे विश्राम बेडेकरांशी लग्न झाले. दुसऱ्याच वर्षी विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मालतीबाईंनी वसाहतीत तीनेक वर्षे जे पाहिले त्याची कादंबरी, ‘बळी’, यायला १९५० उजाडले. मांग-गारुडी माणसांचे कुंपणातले जिणे मांडणाऱ्या या कादंबरीला नोकरी सुटल्यानंतर सुमारे दहा वर्षे लागली. एकाच घरातल्या या दोन तारखा शेजारी ठेवल्या की संसाराचा भार कुणाच्या लेखनावर किती पडतो, याचा अंदाज येतो. अर्थात नुसत्या तारखांवरून कुणा एकाला दोषी ठरवणे उथळपणाचे होईल. ‘रणांगण’ बोटीवरच्या काही दिवसांची गोष्ट आहे आणि तिला तो वेग शोभतो. ‘बळी’ ही न सुटणाऱ्या कुंपणाची गोष्ट आहे. ती वसाहतीतून बाहेर पडल्या पडल्या लिहिली असती तर अहवाल झाला असता, असे तिच्या संयमाकडे पाहून वाटते.

उशीर दरवेळी इतका फळतो असे नाही. पण सोलापूरने त्याचे आणखी एक उदाहरण पाहिले. अक्कलकोटात १९१९ मध्ये जन्मलेले आणि सोलापुरात अध्यापन करत राहिलेले त्र्यं. वि. सरदेशमुख समीक्षक म्हणून आधी ओळखले गेले. त्यांची ‘डांगोरा एका नगरीचा’ १९९८ मध्ये, म्हणजे ऐंशीच्या उंबरठ्यावर, प्रसिद्ध झाली. साहित्य अकादमीचा पुरस्कार तिला २००३ मध्ये मिळाला.

लांब काळ कादंबरी सांभाळायची रीत मराठीने पूर्वीच शोधली होती. हरिभाऊ आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे नियतकालिक सुरू केले आणि त्यांच्या कादंबऱ्या त्यात क्रमशः येत राहिल्या. पुढच्या अंकापुरते लिहायचे असले की अख्ख्या पुस्तकाची धास्ती उरत नाही. काळजी नेहमी शेवटापाशी जाऊन बसते: पुरी होईल का, कुणी छापील का, लोक काय म्हणतील. प्रकरण मात्र आजचे असते. दिवाळी अंकांची मुदत आजही थोड्याफार प्रमाणात हेच काम करते. त्यातून येणाऱ्या सगळ्याच ‘लघुकादंबऱ्या’ वाचनीय असतात असे म्हणायचे धाडस कुणी करू नये.

शेवटी एक काळजी राहते ती घरातल्या माणसांच्या ओळखू येण्याची. सासू, नवरा, भाऊ, चुलते आपापले बोलणे पानांत शोधतात, आणि न सापडले तरी दुखावतात. शरणकुमार लिंबाळे यांना ‘हे सगळे कल्पित आहे’ म्हणण्याची पळवाटही नव्हती. अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे लिंबाळे १९८४ मध्ये ‘अक्करमाशी’ घेऊन आले तेव्हा आत्मकथनात आईची आणि स्वतःच्या जन्माची कहाणी खऱ्या नावानिशी मांडावी लागली. कादंबरीचे आवरण त्यांनी पुढे वापरले, आणि ‘सनातन’ या कादंबरीला २०२०चा सरस्वती सन्मान मिळाला. मालती बेडेकरांनी नेमकी उलटी वाट धरली. टोपणनाव त्यांनी सोडले नाही, पण १९५३ मध्ये वडिलांच्या आयुष्यावर कादंबरी लिहिली तेव्हा लेखिकेच्या जागी ‘विभावरी शिरूरकर’ ठेवून पुस्तकाला नाव दिले ‘खरेमास्तर’.