न चढलेली किडनी
गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन करताना डावी मूत्रवाहिनी दिसल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. इलियाक धमनी ओलांडून ती कटीरात उतरते, तिथे चिमट्यानं हलकेच डिवचलं की गांडुळासारखी वळवळते. रक्तवाहिनी अशी वळवळत नाही. ती वळवळ दिसली की हात मोकळा होतो.

सोलापूरकडच्या एका काकांच्या सीटी स्कॅनमध्ये डावी किडनी बरगड्यांखाली नव्हतीच. खाली कटीरात, त्रिकास्थीच्या पुढ्यात, नेमकी गुदाशयामागे बसली होती.

"डॉक्टरसाहेब, घसरली का हो?"

घसरली नव्हती, चढलीच नव्हती. गर्भात आपल्या सगळ्यांच्या किडन्या कटीरातच तयार होतात आणि सहाव्या ते नवव्या आठवड्यात वर सरकतात. जाताना खालच्या रक्तवाहिन्या सोडतात, वरच्या धरतात. वाटेत थांबलीच, तर तिथल्याच वाहिन्या कायम होतात. कुणाच्या महाधमनीच्या फाट्यावरून, कुणाच्या इलियाकमधून, कधी दोन-तीनही. प्रत्येकाचा नकाशा निराळा. म्हणून आधी सीटी अँजिओग्राफी केली.

खरी खडाजंगी झाली ती रेडिएशनवरून. कटीराला 45 ते 50 ग्रे द्यायचे, तर किडनीला 20च्या पुढे सोसत नाही. गाठ फार खोल गेली नव्हती, म्हणून थेट ऑपरेशन ठरलं.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या बिल हील्ड यांनी 1982 साली मांडलेली रीत आम्ही सगळेच पाळतो: गुदाशयाभोवतीची चरबी तिच्या आवरणासकट अखंड काढायची. आवरणामागे कोळ्याच्या जाळ्यासारखा विरळ थर असतो. तो बरोबर सापडला, तर गॉजही फारसा भिजत नाही. काकांच्या बाबतीत मात्र त्या जाळ्याच्या लगेच मागे किडनी होती, तीही तोंड पुढे करून; म्हणजे तिच्या वाहिन्या आणि आखूड मूत्रवाहिनी अगदी माझ्या कात्रीच्या वाटेवर.

एरवी मी दुर्बिणीनं करतो. त्या दिवशी पोट उघडलं, कारण मला बोटांना विचारायचं होतं. युरॉलॉजिस्टनं आधीच मूत्रवाहिनीत स्टेंट घातला होता. तो बोटाला ताठ दोऱ्यासारखा लागत होता. तरीही सुरुवातीला माझा चिमटा आपसूक जुन्याच जागी गेला.

"सर, काय शोधताय?" रेसिडेंटनं विचारलं.

हसू आलं, थोडी लाजही वाटली. कॉटरी बाजूला ठेवली, बारीक कात्री मागितली. गुदाशय मागून सोडवायच्या, एरवी दहा मिनिटांच्या टप्प्याला पाऊण तास लागला.

रात्री दोनदा वॉर्डात जाऊन आलो. काकांना वाटलं, टाके बघायला आलोय. मी खाली वाकून युरोबॅग बघत होतो.