बॅट ज्याची, कॅप्टन तो?
(द्वितीय वर्ष, कला)

क्रिकेटवर बोलणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. कुणाच्या किती धावा, कुणाचे किती बळी, सारे तोंडपाठ असते. पण १९२३ साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचा कर्णधार कोण होता, असे विचारले तर भल्याभल्यांची दांडी उडेल. इतिहासाच्या तासाला महाडचा सत्याग्रह शिकवताना सरांनी बोलता बोलता ते नाव घेतले. मी ते वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवले : पालवणकर विठ्ठल.

पालवणकर चार भाऊ : बाळू, शिवराम, गणपत आणि विठ्ठल. घर चर्मकाराचे, वडील लष्करात नोकरीला. पुण्यात लष्करी अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या साहित्यावर ही मुले खेळायला शिकली. हे वाचले आणि मला आमचा कॅम्प २ आठवला. उल्हासनगर तरी काय? दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे तिच्या बॅरेकींत राहिली आणि १९४९ साली गावाला हे नाव मिळाले. लष्कराने मागे सोडलेल्या वस्तूंवर संसार उभे करणे आम्हांला नवीन नाही!

आमची खोली बॅरेकीत नाही, बॅरेकींच्या मागे वस्तीत आहे. पण मोकळ्या जागेत खेळताना कोण सिंधी, कोण मराठी, कोण कुठल्या वस्तीतला, हे कुणी विचारत नाही. नियम एकच : बॅट ज्याची, कॅप्टन तो. मी गोलंदाजी बरी टाकतो, म्हणून संघात मला पहिल्यांदा मागतात. कॅप्टन मात्र कधी झालो नाही, कारण बॅट कधी माझी नव्हती.

मित्रहो, थोरले बाळू पालवणकर यांची गोष्ट याहून वेगळी नाही. ते डावखुरे फिरकी गोलंदाज. पुण्याच्या हिंदू संघाने युरोपियनांना हरवण्यासाठी त्यांना खेळायला घेतले खरे, पण चहाच्या वेळी त्यांना तंबूबाहेर मातीच्या भांड्यात वेगळा चहा मिळे. त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत होता. कपबशी चालत नव्हती! १९०६ साली हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू आणि शिवराम दोघेही होते. पुढे १९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. तिशी ओलांडलेल्या बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. आणि कर्णधार कोण? पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग, वय वर्षे एकोणीस. त्यांनी दौऱ्यातले बरेचसे सामने खेळलेही नाहीत. बॅट ज्याची, कॅप्टन तो!

बाळू हिंदू संघाचे कर्णधार कधीच झाले नाहीत. १९२० साली तर त्यांना सुरुवातीला संघातूनच वगळले आणि कर्णधारपदासाठी धाकट्यांचाही विचार झाला नाही. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल संघाबाहेर पडले आणि का पडलो हे त्यांनी जाहीरपणे सांगितले. खेळणाऱ्याला न खेळण्यासारखी शिक्षा नाही. ती त्यांनी स्वतःला करून घेतली. नंतर बाळूंना उपकर्णधार करण्यात आले, आणि १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकली, तेव्हा लोकांनी विठ्ठलांना खांद्यावर उचलून नेले. त्यांत स्वतःला उच्चवर्णीय म्हणवणारेही होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात संमत झाला, तो याच वर्षी. पण खांद्यावर घेणे सोपे, पाणवठा खुला करणे अवघड. चवदार तळ्याच्या पाण्यासाठी १९२७ साली बाबासाहेबांना सत्याग्रह करावाच लागला.

विठ्ठलांनी १९४८ साली ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीत लिहिले. १९७१ साली ते वारले.

मला वाटते, या कथेचे मर्म गुणांत नाही. गुण तर बाळूंपाशी विठ्ठलांहून जास्तच असतील. गुण घ्यायला जग नेहमीच तयार असते. आमचे अण्णा कापडाच्या एका दुकानात बावीस वर्षे गठ्ठे उचलतात. कुठला माल कुठल्या फळीवर आहे, हे मालकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. पण अण्णांनी कधी काही सुचवले, की उत्तर ठरलेले : “तू माल उचल, बाकीचे आम्ही बघतो.” राबणारा हात हवा, सांगणारे तोंड नको. कर्णधाराला मात्र सांगावेच लागते. तू इथे उभा राहा, तू आता चेंडू टाक. आणि दुसऱ्यांनी ते ऐकावे लागते. विठ्ठलांनी संघासाठी करंडक जिंकला, त्याहून हे ऐकून घेणे जिंकले, असे मी म्हणेन.

आमच्या वर्गाच्या संघाला यंदा कर्णधार निवडायचा आहे. मी माझे नाव दिले आहे. घरी सांगितले तेव्हा अण्णा म्हणाले, “आपण बरं, आपलं काम बरं. कशाला पुढे पुढे करतोस?” त्यांचे म्हणणे मला समजते, बावीस वर्षांनी त्यांना ते शिकवले आहे. मी त्यांना विठ्ठलांची सगळी हकीकत सांगितली. ते जेवता जेवता ऐकत राहिले. मग हात धुताना एवढेच म्हणाले, “आणि थोरल्याला शेवटपर्यंत नाहीच केलं?”

“नाही,” मी म्हणालो.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. निवड पुढच्या आठवड्यात आहे.