तुमचं कुळ कोणतं?

लिहू लिहू म्हणता राहूनच गेलेली ही गोष्ट. २०२३च्या लेबर डेचा शनिवार होता. मी ऑन-कॉल नव्हतो, बायको मैत्रिणीकडे गेलेली, आणि नऊ वर्षांच्या कन्येला घेऊन जायचं कुठं हा यक्षप्रश्न. ऑफिसातल्या एकानं सांगितलं होतं, प्लेझंटनला स्कॉटिश लोकांची जत्रा असते, एकदा बघच. सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलेडोनियन क्लबानं १८६६ साली सुरू केलेली. म्हटलं चला, गाडीनं अर्ध्या तासावर तर आहे.

गेटातून आत शिरलो आणि आधी ऐकू आली ती बॅगपाइप. सूर इनमिन नऊ, पण खांद्यावरच्या तीन नळ्यांतून सतत एकच घुमारा चालू. आपला तंबोरा समजा, फक्त भांडायला उठलेला :) कन्येनं कान झाकले, मग हळूच एक उघडला.

मैदानात 'केबर' फेकायचा खेळ चालला होता. केबर म्हणजे अख्खा झाडाचा बुंधा, साधारण एकोणीस-वीस फुटी. तो ओंजळीत उभा तोलायचा, चार पावलं धावायचं आणि असा उलटवायचा की वरचं टोक जमिनीवर टेकून बुंधा पलीकडं पडावा. किती लांब गेला ते मोजतच नाहीत, किती सरळ पडला ते बघतात! घड्याळातल्या बाराच्या काट्यासारखा पडला की पैकीच्या पैकी. मला हा हिशेब फार आवडला. हॅगिस मात्र कन्येनं हुंगून परत केलं. मला ते वजडीचं लांबचं भावंड वाटलं, मी दोन्ही वाट्या संपवल्या.

जिकडंतिकडं किल्ट. १७४६ साली कलोडनच्या लढाईत हायलंडच्या कुळांचा बीमोड झाला आणि त्याच वर्षी सरकारनं कायदा केला, हा पोशाख घालाल तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सापडलात तर सात वर्षं समुद्रापार. १७८२ला तो उठला. गंमत म्हणजे प्रत्येक कुळाची चौकट वेगळी, ही शिस्त बरीचशी त्यानंतरची, एकोणिसाव्या शतकातली. आपल्याकडं ढोलपथकांचे पांढरे झब्बे आणि फेटे आता किती जुने वाटतात, पण माझ्या लहानपणी साताऱ्याच्या मिरवणुकीत ते नव्हते. असो.

एका बाजूला ओळीनं कुळांचे तंबू होते. 'ग्रँट' अशी पाटी दिसली आणि मी थबकलोच. साताऱ्याचा माणूस ग्रँट डफला कसा विसरेल? १८१८नंतर आमच्याकडं रेसिडेंट म्हणून होता, १८२६ला मराठ्यांचा इतिहास छापला. पुढं नीळकंठ जनार्दन कीर्तन्यांनी त्याच्या चुका काढल्या, ते वेगळं. तंबूतल्या आजोबांना सांगितलं, तुमच्यातला एकजण आमच्या गावी राहून गेलाय. त्यांना हे ठाऊक नव्हतं. खूश झाले आणि त्यांनी आपली वंशावळ उलगडली. भला मोठा कागद. जन्म कॅलिफोर्नियातला, गेलिकचं अक्षर येत नाही (तिकडंही २०२२च्या जनगणनेत ती बोलू शकणारे जेमतेम ७० हजार), पण सहा पिढ्यांची नावं लिहिलेली. बायकांचीसुद्धा, माहेरच्या आडनावासकट. स्कॉटलंडात थडग्याच्या दगडावरही बाईचं माहेरचं आडनाव कोरायची रीत होती म्हणे.

मग त्यांनी कन्येला विचारलं, "तुमचं कुळ कोणतं?"

"बाबा, आपलं कुठलं?"

मी कुलदैवत पालीचा खंडोबा वगैरे सांगून वेळ मारून नेली. आजोबांनी एक कोरा तक्ता दिला, नावं भरा म्हणाले. पणजोबांपर्यंत सरसर भरला. पणजी? रकाना नल. आईच्या आईची आई? नल. डेटाबेसमध्ये इतके नल दिसले असते तर मी डिझाइन करणाऱ्याला धारेवर धरलं असतं.

संध्याकाळी सगळी पाइपपथकं मैदानात एकदम वाजली. एरवी अंगावर काटा आला असता, पण माझं लक्ष त्या कागदावरच.

रात्री घरी फोन लावला. तिकडं रविवारची सकाळ. आई म्हणाली, "पणजीचं नाव? सगळी जिजीच म्हणायची. नाव कोण घेतंय?"

कन्येनं तिच्या मोडक्या मराठीत मध्येच विचारलं, "आजी, तुझा नाव पहिला काय होता?"

आई गप्प. मग म्हणाली, "इंदू."

मला माहीत नव्हतं. बेचाळीस वर्षांचा घोडा झालो, आईला लग्नात नाव बदलून मिळालं हे ठाऊक होतं, पण आधीचं काय ते कधी विचारलंच नव्हतं. कन्येनं स्पेलिंग विचारलं. मी म्हटलं मराठीत लिही. वेलांटी चुकली, तशीच राहू दिली.

जिजीसाठी आई पुढच्या आठवड्यात एसटीनं वाईला गेली, नव्वदीच्या आत्यांना विचारायला. फोनवर त्यांना ऐकू येत नाही. आत्यांनाही नाव आठवलं नाही. माहेर मेढ्याकडचं होतं, आणि ती मिश्री लावायची, एवढंच सांगितलं. कन्येनं ते कंसात लिहून ठेवलंय. तक्ता अजून फ्रीजवर आहे.