दोन त्यांचे, एक आपला

मुलगी परदेशी शिकायला निघाली, की आपल्याकडे पेढे वाटले जातात, कॉलेजात सत्कार होतो, गावाकडच्या पेपरात फोटो छापून येतो. त्या मुलीचं कौतुक व्हायलाच हवं. पण तिच्याआधी कुणी तरी शिक्षक तिकडे जाऊन सगळं पाहून, बोलून, ठरवून आलेला असतो, याची आठवण सहसा कुणाला होत नाही. मी पुण्याच्या एका कॉलेजात सव्वीस वर्षं समाजशास्त्र शिकवलं. त्यातली शेवटची आठ वर्षं परदेशी कॉलेजांबरोबरच्या देवाणघेवाणीचं काम माझ्याकडे होतं. म्हणून या न दिसणाऱ्या बाजूविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

पुण्याला हा पाहुणचार नवा नाही. १९६१ साली अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज ही संस्था स्थापन झाली. तिचं इथलं पहिलं ठाणं होतं पुण्याच्या डेक्कन कॉलेजात. आणि यातला पैसा कुठून आला, हे कळल्यावर तर मला गंमतच वाटली होती. माझ्या पिढीने रेशनच्या रांगेत उभं राहून आणलेला तो लाल गहू आठवतो ना? अमेरिकेच्या पी.एल. ४८० या कायद्याखाली आलेल्या त्या धान्याची किंमत आपलं सरकार रुपयांत देत असे, आणि ते रुपये बहुतांशी भारतातच खर्च व्हायचे. त्यातला काही वाटा विद्येकडे वळला. भारतात छापलेली पुस्तकं १९६२ पासून त्या रुपयांतून विकत घेतली जाऊन अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पोहोचू लागली. संशोधकांच्या इथल्या वास्तव्याचीही सोय झाली. १९७४ साली अमेरिकेने साठलेल्या रकमेतले १,६६४ कोटी रुपये एका चेकने भारताला परत केले. पण तोवर रांगेतल्या गव्हाने कितीतरी अभ्यासकांना मराठी शिकवून सोडलं होतं!

अशा प्रवासांतून काय निपजतं, याचं एक नाव मी नेहमी वर्गात सांगत असे. मिनेसोटातल्या कार्लटन कॉलेजात शिकवणाऱ्या एलिनॉर झेलियट. डॉ. आंबेडकर आणि महार समाजाची चळवळ या विषयावर त्यांनी १९६९ साली पीएच.डी. मिळवली. २०१६ साली त्या गेल्या, तोवर महाराष्ट्राशी त्यांचं नातं तुटलं नाही. अमेरिकेतल्या मिडवेस्ट भागातल्या कॉलेजांचा एक कार्यक्रम पुण्यात चालत असे, त्याच्याशीही त्या जोडलेल्या होत्या. त्यातली मुलं पुण्यातल्या घरांत राहून, पोळी-भाजी खात मराठी शिकली.

मात्र ही वाट बराच काळ एकेरी होती. त्यांची मुलं इथे येत. आपली मुलं जात ती पूर्ण पदवीला, घसघशीत फी भरून. एक सहामाही तिकडे शिकून परत यायचं आणि पदवी इथलीच घ्यायची, हे आपल्या मध्यमवर्गीय घरांना ठाऊकच नव्हतं.

आमच्याकडे हे सुरू झालं ते अमेरिकेतल्या एका लहानशा कॉलेजमुळे. तिथे शिक्षकांसाठी एक छोटा निधी असे. नव्या कॉलेजशी करार करायचा, तर आधी शिक्षकाने तिथे जाऊन पाहून यावं, त्याच्या प्रवासाला हा पैसा. त्यांचे एक प्राध्यापक आठ दिवस आमच्याकडे आले. मला वाटलं, ग्रंथालय बघतील, अभ्यासक्रम विचारतील. ते त्यांनी केलंच, पण त्याआधी मुलींच्या वसतिगृहातलं पिण्याचं पाणी पाहिलं, जवळचं हॉस्पिटल चालत जाऊन किती मिनिटांवर आहे ते मोजलं, आणि मला विचारलं, ‘‘मध्यरात्री मुलीला ताप आला, तर फोन कोण उचलेल?’’ मी म्हटलं, ‘‘मीच.’’ त्यांनी ते वहीत लिहून घेतलं!

पुढच्या वर्षी त्याच निधीतून मी तिकडे गेले. आमच्या अंदाजपत्रकात अशा कामासाठी एक रुपयाचीही तरतूद नव्हती, त्यामुळे तिकीटही त्यांचंच. तिथे बसून आम्ही हिशेब मांडला. अशा करारात साधारण रीत अशी, की प्रत्येकाने फी आपापल्या कॉलेजात भरायची आणि मुलांची फक्त अदलाबदल करायची. ऐकायला अगदी सरळ! पण फी सारखी झाली तरी पोट सारखं होत नाही. त्यांच्या मुलाचा पुण्यातला खर्च त्यांना किरकोळ वाटे. आमच्या मुलाचं तिकडचं राहणं-जेवण म्हणजे त्याच्या घरचं वर्षाचं उत्पन्न. दोन दिवस घासाघीस करून शेवटी ठरलं, की त्यांची दोन मुलं इथे येतील आणि आपलं एक तिकडे जाईल, पण त्या एकाचं राहणं-जेवण त्यांच्याकडे. समोरासमोर बसलो नसतो, तर नुसत्या पत्रांवर हे जमलं नसतं, याची मला खात्री आहे.

पहिली निवड झाली ती इंदापूर तालुक्यातल्या एका मुलीची. घरी थोडा ऊस, दोन म्हशी. वडील कॉलेजात भेटायला आले. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि तीनच प्रश्न विचारले. ‘‘मॅडम, पोर झोपंल कुठं? आजारी पडली तर बघंल कोण? आन् तिकडचं शिक्षण हितं धरत्यात का, का वरीस वाया?’’ विद्यापीठांचे अधिकारी ज्याला श्रेयांक हस्तांतर म्हणतात, ते त्या माणसाने एका वाक्यात विचारलं होतं. मी ती खोली पाहिली होती, दवाखाना पाहिला होता, आणि कुठला विषय आपल्याकडे कुठल्या पेपरच्या जागी धरायचा, हे कागदावर ठरवून आणलं होतं. म्हणून त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उत्तर देता आलं.

पैशांबद्दल मात्र त्यांनी एक शब्द काढला नाही. विमानाचं तिकीट, व्हिसा आणि सक्तीचा आरोग्य विमा एवढं उरलंच होतं. म्हशी विकायचा विचार घरात चालला होता, हे मुलीकडून कळलं. मी माजी विद्यार्थ्यांना पत्रं घातली. कुणी पाचशे दिले, कुणी पाच हजार. म्हशी गोठ्यातच राहिल्या आणि मुलगी गेली.

युरोपने हे काम वर्गणीवर सोडलं नाही. १९८७ साली तिथे इरॅस्मस योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले ३,२४४ विद्यार्थी गेले. मुलांना अनुदान मिळतं, आणि दुसऱ्या देशात शिकवायला जाणाऱ्या शिक्षकांनाही. आपल्याकडे २०१५ साली ‘ज्ञान’ योजना निघाली. तिच्यात परदेशी प्राध्यापकाने इथे येऊन शिकवावं, यासाठी एका आठवड्याला ८,००० डॉलरपर्यंत आणि दोन आठवड्यांना १२,००० डॉलरपर्यंत रक्कम ठेवली होती. २०२२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने परदेशी संस्थांबरोबर जोड-पदवी देण्याचे नियमही केले. चांगलंच झालं. पण नियमाने दार उघडतं, तिकीट निघत नाही. आणि आधी जाऊन खोली, दवाखाना, अभ्यासक्रम पाहून येणाऱ्या साध्या कॉलेजातल्या शिक्षकाच्या प्रवासाचं काय?

मी निवृत्त झाल्यावर आमचा करार दोन वर्षं चालला आणि मग थंडावला. कुणी मोडला नाही. पुढे न्यायला कुणाला पाठवण्याइतके पैसे नव्हते, एवढंच. त्या मुलीसारखी आणखी कुणी वर्गात बसली असेल, तर तिला हे कळणारही नाही.

म्हणून वाचकहो, तुमच्या जुन्या कॉलेजचा माजी विद्यार्थी मेळावा भरेल आणि कमानीसाठी वर्गणी मागायला कुणी येईल, तेव्हा खुशाल द्या. पण सोबत एवढं विचारा, की आपल्या एका शिक्षकाला महिनाभर बाहेर धाडायला काय लागतं? कमानीपेक्षा ते नक्कीच स्वस्त पडेल.