अमानतीची गाडी

आमच्या मरहूम भाईजाननी कुवेतहून कायमचे परत आल्यावर २०११ साली एक गाडी घेतली. फियाट लिनिया टी-जेट. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात तयार झालेली. दिसायला साधी घरगुती गाडी, पण १.४ लिटरच्या छोट्या इंजिनाला टर्बो जोडलेला आणि ताकद ११४ हॉर्सपॉवरची. खोपोलीहून लोणावळ्याचा घाट चढताना भाईजान हसून म्हणत, "बघ, घाट लागला हेसुद्धा हिला कळत नाही."

२०१९ मध्ये भाईजान अल्लाहला प्यारे झाले. पुतण्या तेव्हा १२ वर्षांचा होता. भाभींना गाडी चालवता येत नव्हती. "उभी राहून सडण्यापेक्षा तुम्हीच चालवा," असे म्हणून त्यांनी चावी आमच्या हातात दिली. घरातल्या वडीलधाऱ्यांनी एवढेच बजावले की, वारशाने गाडी भाभींची आणि मुलांची आहे, तुमच्याकडे ती अमानत आहे. आम्ही मान डोलावली. 'अमानत' या शब्दाचा अर्थ आम्ही वर्गात दरवर्षी समजावून सांगतो, मराठीत त्याला 'ठेव' म्हणतात हेही सांगतो. स्वतःला मात्र तो तीन वर्षांनी समजला, तोही भर घाटात.

आमचे घर खालापूर तालुक्यात, शाळा कर्जतला. रोजची ये-जा त्याच गाडीने होऊ लागली. महिन्यातून एक-दोनदा भाभी आणि मुलांना लोणावळ्याला त्यांच्या माहेरी सोडायचे. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत गाडी पाचशे मीटरहून अधिक उंची चढते. वर पोहोचलो की चिक्कीच्या दुकानासमोर गाडी लावायची आणि लगेच चावी फिरवून इंजिन बंद करायचे. पेट्रोल का जाळायचे, हा आमचा हिशोब. तेलातही आम्ही काटकसर केली. भाईजान महागडे सिंथेटिक तेल वापरत, आम्ही अर्ध्या किमतीचे सुटे तेल भरले. शिवाय "गाडी फिरतेच किती," म्हणून तेल बदलणे पुढे ढकलत गेलो.

ऑगस्ट २०२२. पाऊस लागून राहिला होता. भाभी आणि मुले मागे बसलेली. घाटाच्या मध्यावर इंजिनातून बारीक शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, गाडीचा दम गेला आणि आरशात पाहतो तर मागे निळ्या धुराचा लोट. मागचे ट्रक हॉर्न वाजवत होते. कशीबशी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केले, पार्किंगचे दिवे लावले आणि सगळ्यांना उतरवून कठड्याच्या पलीकडे उभे केले. मगरिबची वेळ झाली होती. धाकटी पुतणी भिजत रडत होती. त्या अर्ध्या तासात मनात काय काय येऊन गेले, ते सांगता येणार नाही.

खोपोलीच्या मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी टर्बो खोलला. आतला दांडा बोटाने हलवून दाखवला. त्याला तेल पुरवणारी बारीक नळी काळ्या कोळशाने अर्धी बुजलेली होती. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "सर, तेल शेवटचं कधी बदललं?" आम्ही डायरी काढली. २० महिने झाले होते.

मग त्यांनी शांतपणे समजावले. इंजिनातून बाहेर पडणारा गरम धूर टर्बोतले एक चाक फिरवतो. त्याच दांड्यावरचे दुसरे चाक बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त जळते आणि लहान इंजिन मोठ्यासारखे ओढते. आम्हा कर्जतकरांना हे समजायला अवघड नाही. पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना कर्जत स्टेशनात मागून बँकर इंजिने लावतात आणि ती गाडीला बोरघाटावर रेटतात. टर्बो हा इंजिनाचा बँकरच. फरक एवढाच की, याचा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतो आणि पेट्रोल गाडीत जोर लावलेला असताना त्यातून जाणारा धूर ९०० अंशांच्या आसपास तापलेला असतो. एवढ्या वेगात तो दांडा तेलाच्या एका पातळ थरावर तरंगत असतो. त्याला दुसरा आधार नाही.

घाट चढून आल्याबरोबर इंजिन बंद केले की तेलाचा पंपही थांबतो. टर्बो मात्र तापलेलाच असतो. गॅस बंद केल्यावरही तापलेल्या तव्यावरचे तेल जळून काळे होते, तसे आत अडकलेले तेल जळते. असे थर साचत साचत नळी बुजते, दांडा कोरडा पडतो. म्हणजे मिनिटभराचे पेट्रोल वाचवून आम्ही टर्बो जाळला होता.

दुरुस्तीचा खर्च आमच्या एका पगाराहून जास्त झाला. भाभी म्हणाल्या, "भाई, गाडी आमची, खर्च आमच्याकडूनच घ्या. घरात कसला हिशोब?" आम्ही नाही म्हटले. वस्तू यतीम मुलांची आणि नुकसान आमच्या निष्काळजीपणामुळे, तेव्हा भरपाईही आमच्याच खिशातून. त्या दिवसापासून आम्ही गाडीची एक वही सुरू केली. जुनी टर्बोवाली गाडी ज्यांच्याकडे आहे, मग ती लिनिया असो, २००४ सालची ऑक्टाव्हिया आरएस असो की २०१५ची अबार्थ पुंटो, त्यांना त्या वहीतली ही पाने उपयोगी पडतील. तुमच्याकडे जुनी स्विफ्ट डिझेल असेल तर तिच्यातही टर्बो आहे, हे विसरू नका.

तेल : गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दर्जाचे सिंथेटिक तेलच घालावे. जुन्या टर्बो गाडीत पुस्तिकेतल्या मुदतीची वाट न पाहता ७-८ हजार किलोमीटरला तेल आणि तेलाचा फिल्टर बदलावा. गाडी फिरली नाही तरी वर्षाने बदलावाच. दर १५ दिवसांनी सपाट जागेवर, इंजिन थंड असताना तेलाची पट्टी काढून पाहावी.

सुरुवात आणि शेवट : इंजिन सुरू करताच जोर लावू नये. पहिले काही किलोमीटर सावकाश चालवावी, तेल गरम होऊ द्यावे. घाट चढून किंवा एक्स्प्रेसवेवरून आल्यावर शेवटचे दोन किलोमीटर हळू यावे. तसे जमले नाही तर इंजिन एक-दोन मिनिटे नुसते चालू ठेवून मगच बंद करावे. चढावर मोठ्या गिअरमध्ये इंजिनाला कण्हायला लावू नये, वेळीच गिअर खाली घ्यावा.

नळ्या : टर्बोपासून इंजिनापर्यंत दाबलेली हवा नेणाऱ्या रबरी नळ्या वयाबरोबर कडक होऊन चिरतात. जोर लावल्यावर 'फुस्स' असा आवाज आला आणि गाडी ओढेनाशी झाली, तर टर्बो बदलण्याआधी नळ्या आणि त्यांच्या क्लिपा तपासून घ्याव्यात. अनेकदा काही हजारांचे काम काही शेकड्यांत भागते.

हवेचा फिल्टर : टर्बोचे चाक इतके वेगात फिरते की वाळूचा कणही त्याची पाती खातो. फाटका किंवा नीट न बसलेला फिल्टर चालवून घेऊ नये. पावसाळ्यानंतर पुढचा इंटरकूलर तपासून त्यात अडकलेला चिखल आणि पालापाचोळा हलक्या पाण्याने धुवावा.

पाणी आणि पट्टा : रेडिएटरमध्ये विहिरीचे किंवा नळाचे पाणी ओतू नये, कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर यांचेच मिश्रण घालावे. टायमिंग बेल्ट किलोमीटर पाहून बदलतात तसा वय पाहूनही बदलावा. आम्ही पाच वर्षांची मर्यादा पाळतो आणि त्याच वेळी पाण्याचा पंपही पाहून घेतो. हा पट्टा चालत्या गाडीत तुटला तर इंजिनच हातचे जाते.

धुराचा रंग : निळा धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, बहुधा कुठेतरी हवा गळते आहे. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा, गोडसर वासाचा धूर येत असेल तर कूलंट आत जाते आहे. तिन्ही वेळी पुढे रेटू नये.

थांबण्याची ताकद : गाडीला पळायची ताकद आहे, तेवढीच थांबायचीही हवी. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलावे. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३वा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी म्हातारा टायर घाटात न्यायचा नाही. रस्त्यावर पाणी भरले असेल तर गाडी त्यात घालू नये. पाण्यात बंद पडली तर पुन्हा चावी फिरवू नये, ढकलून बाहेर काढावी.

पुतण्या यंदा १८ वर्षांचा झाला, लायसन्स मिळाले. चावी द्यायची वेळ आली तेव्हा तो म्हणाला, "चाचा, पुण्यात एक जण कॉम्प्युटर लावून टर्बोचा दाब वाढवून देतो. गाडी अजून जोरात पळेल."

आम्ही रागावलो नाही. त्या वयात आम्हीही तेच म्हटले असते. आम्ही म्हटले, "बेटा, गाडी तुमची आहे, तुला आणि तुझ्या अम्मीला ठरवायचे आहे. पण १४ वर्षांच्या इंजिनावर दाब वाढवायचा तर क्लच, ब्रेक, प्लग सगळे त्या तोलाचे हवे. विमा कंपनीला कळवावे लागेल. पुढच्या वर्षी १५ वर्षे पूर्ण होतील, आरटीओत फिटनेस दाखवून नोंदणी वाढवून घ्यावी लागेल. ही गाडी आता बनत नाही, सुटे भाग शोधावे लागतात. आधी वर्षभर ही वही सांभाळ, मग बोलू."

त्याने वही घेतली. २०२२च्या पानावर थांबला. तिथे आम्ही आमची चूक लिहून ठेवली आहे, तारखेसकट. त्याला तो घाट आठवत होता, पण कारण ठाऊक नव्हते.

"हे तुमच्यामुळे झालं होतं?" त्याने विचारले.

"हो," आम्ही म्हटले. १५ वर्षे वर्गात शिकवले, पण एवढा छोटा शब्द उच्चारायला इतके जड कधी गेले नव्हते.

तो काही बोलला नाही. पुढच्या रविवारी भाभींना घेऊन तो लोणावळ्याला निघाला. आम्ही शेजारी बसलो होतो. घाट सावकाश चढला. चिक्कीच्या दुकानासमोर गाडी लावली. भाभी उतरल्या, आम्ही उतरलो. तो आतच बसून राहिला, हात स्टिअरिंगवर, नजर घड्याळावर. आम्ही बाहेर उभे राहून ऐकत होतो. इंजिन शांत चालू होते. दोन मिनिटांनी त्याने चावी फिरवली, खिशातून पेन काढले आणि वहीत किलोमीटर लिहिले.